दुष्परिणाम शून्य

बोरतोंडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्माण अधिकारी विनया पाटसकर यांनी रुग्णसंख्येच्या रकान्यात शून्य टाकून तीनदा बटण दाबलं आणि तीनही वेळा संगणकाने त्यांना लाल अक्षरांत एकच गोष्ट सांगितली. रुग्णसंख्या शून्य असू शकत नाही.

"अरे, पण शून्यच आहे," त्या पडद्याला म्हणाल्या.

प्रकरण तसं साधं होतं. रक्तदाबाची दोन औषधं एकाच गोळीत घातलेलं एक नवं औषध सरकारी यादीत घ्यावं की नाही, हे ठरवायचं होतं. त्यासाठी राज्यातल्या तीस आरोग्य केंद्रांवर ते तीन महिने देऊन बघायचं होतं. दोन औषधांची मिळून एक गोळी, म्हणून केंद्रातले सगळे तिला जोडगोळी म्हणत. इंदापूर तालुक्यातलं, कळसच्या पुढचं बोरतोंडी या तिसांत होतं. एकशे बारा रुग्णांची नावं नोंदवून झाली. त्यांच्या सह्या नि अंगठे घेऊन झाले. नवी गोळी येणार म्हणून जुन्या गोळीचा पुरवठा वरून बंदही झाला. फक्त जोडगोळी आली नाही. तीन महिने आली नाही. अहवालाची तारीख मात्र वेळेवर आली.

विनयाताईंनी जिल्ह्याला फोन लावला. तिथे या योजनेचं काम संदेश नावाचा समन्वयक बघायचा. माणूस कामाला बरा होता, पण जगातली कुठलीही अडचण त्याला भरायचा राहिलेला रकाना वाटायची.

"मॅडम, नोंदणी किती जणांची केलती?"

"एकशे बारा."

"मग एकशे बारा टाका की."

"अहो, पण गोळी एकालाही दिलेली नाही."

"ते रुग्णसंख्या इचारतंय. गोळ्या किती वाटल्या, ते कुठं इचारतंय?"

विनयाताईंनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. खरंच कुठे विचारलं नव्हतं. त्यांनी एकशे बारा टाकले आणि पुढचे रकाने भरत गेल्या. चक्कर आलेले रुग्ण: शून्य. पाय सुजलेले: शून्य. औषध मध्येच सोडलेले: शून्य. तक्रारी: शून्य. यातला एकही आकडा खोटा नव्हता. रक्तदाब आटोक्यात असलेले: अठ्ठ्याऐंशी. हाही खरा होता, कारण तो त्यांनी स्वतः दंडाला पट्टा बांधून मोजला होता. केंद्रात जुनी गोळी मिळेना, तेव्हा हे अठ्ठ्याऐंशी जण ती वालचंदनगरच्या दुकानातून विकत आणत होते, आणि विकतची म्हणून एकही न चुकवता खात होते. उरलेल्या चोवीस जणांना ते जमत नव्हतं.

अहवाल गेला. तरी विनयाताईंच्या मनाला लागून राहिलं. त्यांनी 'औषध आजतागायत मिळालेले नाही, जुना पुरवठा तातडीने सुरू करावा' असं वेगळं पत्र लिहिलं, वैद्यकीय अधिकारी डॉ. केयूर यांची सही घेतली आणि जिल्ह्याला पाठवून त्याची पोच फायलीला लावली. डॉ. केयूर पुण्याचे होते. शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा इथे पुरी करत होते आणि सही मागितली की देत होते.

दोन महिने काहीच झालं नाही. मग एका सकाळी डॉ. केयूर मोबाइल समोर धरून औषधांच्या खिडकीशी आले.

"विनयाताई, आपण विधानसभेत पोचलोय."

घडलं होतं ते असं. दुसऱ्या एका जिल्ह्यात जोडगोळीने लोकांचे पाय सुजले. तिथल्या आमदारांनी सभागृहात प्रश्न विचारला की, असलं औषध सरकार लोकांच्या गळी का उतरवतंय? मंत्र्यांनी उत्तर दिलं की, आरोप निराधार आहे. इंदापूर तालुक्यातल्या बोरतोंडी केंद्रात एकशे बारा रुग्णांपैकी एकालाही कसलाही त्रास झालेला नाही. त्यावर बराच गोंधळ झाला, आणि विधिमंडळाच्या समितीने बोरतोंडीला जाऊन त्या एकशे बारा भाग्यवंतांना भेटायचं ठरवलं.

विनयाताई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी संदेशला फोन केला.

"आपलं पत्र होतं ना, ते वर पाठवा. आजच."

"मॅडम, आता सभागृहात उत्तर गेलंय. आता पत्राचं काय घेऊन बसलाय?"

"मग काय करायचं?"

"काय न्हाय. मी येतो."

तो आला तो भेटीच्या दोन दिवस आधी, स्वतःच्या गाडीत चौदा खोकी घालून. जोडगोळी बोरतोंडीत पोचली होती. संदेशच्या डोक्यात योजना तयार होती: निम्मी पाकिटं फोडून रिकामी करायची, म्हणजे वाटप झालेलं दिसेल.

"आणि गोळ्यांचं काय करायचं?" विनयाताईंनी विचारलं.

"बघू की. इल्हेवाट लावू."

"कुठे? लोक पाच महिने गोळीसाठी हेलपाटे घालतायत आणि आपण गोळ्या पुरायच्या?" त्यांनी खोकी मोजून आत घेतली, रजिस्टरला त्याच दिवसाची तारीख घातली, भांडाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "आज आली, आजच चढली."

डॉ. केयूर दारात उभे होते. "ताई, माझे दोन महिने राहिलेत. मला फक्त प्रमाणपत्र घेऊन घरी जायचंय."

"माझी सात वर्षं राहिलीत, डॉक्टर. मला फक्त रात्रीची झोप पाहिजे."

संदेश खोक्यांबाबत हरला, पण त्याने धीर सोडला नाही. त्याने समितीपुढे बसवायला सहा रुग्ण निवडले आणि त्यांना बाकावर ओळीने बसवून शिकवलं. "इचारलं तेवढंच सांगायचं. गोळीनं तरास झाला का? न्हाय. बास."

डाळिंबाच्या बागेतून उठून आलेले भिमाआबा म्हणाले, "पण तरास खरंच न्हाय झाला."

"मग खोटं कुठं बोलायचंय तुमाला?"

आबांना ते पटलं. शेवटी बसलेल्या द्वारकाबाईंनी तोंड उघडलं नाही. त्या बांधावरची मेथी नि गवार बाजारात नेऊन विकायच्या, आणि गिऱ्हाईक पुरतं बोलून होईपर्यंत भाव सांगायचा नाही, ही त्यांची सवय होती.

समिती आली. सात गाड्या, दोन पुष्पगुच्छ आणि जिल्ह्याचे अधिकारी. समितीच्या अध्यक्षा आमदार होण्याआधी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवत. पुष्पगुच्छ त्यांनी न बघता मागे दिला, खुर्ची ओढून थेट बाकासमोर घेतली आणि भिमाआबांपासून सुरुवात केली.

"आबा, नव्या गोळीनं चक्कर येते का?"

"न्हाय."

"पाय सुजले?"

"अजाबात न्हाय."

"तोंड कोरडं पडणं, खोकला, पोट बिघडणं?"

"कायसुदिक न्हाय."

अधिकाऱ्यांचे चेहरे फुलले. संदेशने डॉक्टरांकडे पाहून मान हलवली. पुढच्या चौघांनीही तेच सांगितलं आणि तेही मनापासून. अध्यक्षाबाई लिहून घेत होत्या. शेवटी त्या द्वारकाबाईंकडे वळल्या.

"तुम्हाला, मावशी?"

"न्हाय, काय तरास न्हाय."

"छान. गोळी कडू लागते का हो?" बाईंनी लिहिता लिहिता सहज विचारलं.

"ते कसं सांगू, बाई?" द्वारकाबाई म्हणाल्या. "खाल्ली असती तर सांगितलं असतं."

अध्यक्षाबाईंचं पेन थांबलं.

"खाल्ली नाही? का?"

"आलीच न्हाय की."

"आबा, तुम्ही?"

"मी तरी कुठनं खाणार? परवा खोकी उतरवताना बगितली तेवढीच," भिमाआबा म्हणाले. "लई भारी पाकिटं हायती."

बाहेर गाडीचा एक चालक हसला, त्याला कुणीतरी गप्प केलं. विनयाताई पुढे आल्या. रजिस्टर, अहवालाची प्रत आणि पत्राची पोच ही तिन्ही त्यांनी ओळीने टेबलावर मांडली आणि पहिल्या लाल अक्षरांपासून सगळं सांगितलं. एकशे बारा हा आकडा आपणच टाकला, हेही सांगितलं. अध्यक्षाबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. पत्र वाचून त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे वळल्या.

"या पत्राचं काय झालं?"

अधिकाऱ्यांनी संदेशकडे पाहिलं. "ते इचाराधीन हाय," संदेश म्हणाला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तीसही केंद्रांची यादी मागितली, दुष्परिणाम शून्य असलेल्या केंद्रांवर खुणा केल्या आणि तिथल्या तिथे फोन लावायला सांगितले. अशी बोरतोंडी धरून पाच केंद्रं होती. चारही फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. तीन ठिकाणांहून 'गोळी कधी येणार?' असा उलटा प्रश्न आला. चौथ्या केंद्राने गोळ्या आल्याचं कबूल केलं, पण खोकी अजून उघडली नव्हती.

"म्हणजे जे औषध कुणाच्या पोटात गेलं नाही, त्याचा गुण आम्ही सभागृहात ऐकला," बाई म्हणाल्या आणि वही मिटू लागल्या.

"बाई, नवीन ऱ्हाऊ द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "जुनी तरी चालू करा. मी एक दिसाआड खाते. संपली की मग चार दिस न्हायच. मान धरल्यावानी होतीया."

वही पुन्हा उघडली. "असे किती जण आहेत?"

"चोवीस," विनयाताई म्हणाल्या.

"नावं सांगा."

विनयाताईंनी नावं सांगितली. यादी बघावी लागली नाही. अध्यक्षाबाईंनी चोवीसही नावं स्वतःच्या हाताने लिहून घेतली आणि जाताना जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना स्वतःच्या गाडीत बसवून घेऊन गेल्या. गाडीत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. पण चौथ्या दिवशी जुनी गोळी केंद्रात आली. जोडगोळीची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरलं, आणि या वेळी ती रुग्णांना प्रत्यक्ष द्यायची, असं आदेशात स्वतंत्र कलम घातलेलं होतं.

तीन महिने विनयाताईंनी गोळ्या दिल्या, पट्टे बांधले, नोंदी केल्या. डॉ. केयूर यांची मुदत मध्येच संपली. तरी ते महिनाभर थांबले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. अहवाल तयार झाला. रक्तदाब आटोक्यात: एकशे एक. पाय सुजलेले: नऊ. चक्कर: चार. औषध बदलावं लागलेले: सहा. पाय सुजलेल्यांत द्वारकाबाई होत्या. त्यांना पुन्हा जुन्या गोळीवर आणलं आणि सूज उतरली. नोकरीतला सगळ्यांत चांगला अहवाल आपण पाठवला, असं विनयाताईंना त्या संध्याकाळी बारामतीला घरी जाताना वाटलं.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. मागील अहवालात दुष्परिणाम शून्य असताना चालू अहवालात ते तेरा झाले आहेत. केंद्राच्या कामगिरीत गंभीर घसरण दिसून येते. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

विनयाताईंनी नोटीस दोनदा वाचली. खिडकीबाहेर द्वारकाबाई गोळ्यांसाठी उभ्या होत्या.

"काय झालं, म्याडम? तोंड का उतरलं?"

"काही नाही, मावशी. तुमचे पाय सुजले म्हणून मला नोटीस आलीय."

द्वारकाबाई हबकल्या. त्यांनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग आजूबाजूला. "मग म्होरल्या टायमाला सांगतच न्हाय मी. सुजू देत किती सुजायचं ते."

"नाही हं, मावशी," विनयाताई एकदम मोठ्याने म्हणाल्या. "सुजले की त्याच दिवशी यायचं. मी नोटिशीचं बघते."

त्यांनी कोरा कागद घेतला. बराच वेळ विचार केला, कारणं मनात जुळवली, दोन कागद फाडले. शेवटी एकच ओळ लिहिली: 'घसरणीचे कारण: या तिमाहीत केंद्रास औषध प्राप्त झाले.' सही केली आणि पाठवून दिलं.

आठव्या दिवशी जिल्ह्याहून शिक्क्यासकट उत्तर आलं.

'आपला खुलासा समाधानकारक असल्याने मान्य करण्यात येत आहे. यापुढे असा प्रकार पुन्हा घडू नये, याची दक्षता घ्यावी.'