रिकाम्या गाडीचे कंडक्टर

गायकाला शंभर श्रोते मिळाले की काळूनाना त्याला टाकतात. गायक आइसलँडचा असो वा पेरूचा, नियम एकच. मोबाइलवरचा आकडा शंभराला टेकला की नाना हवेतली दोरी दोनदा ओढल्यासारखा हात करतात आणि म्हणतात, "गाडी भरली. डबल बेल!" त्या दिवसापासून त्या गायकाचं नाव धसईत निघत नाही. तसं आधीही नानांशिवाय कुणी काढत नव्हतं.

नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी धसई-मुरबाड रस्त्यावर झाली. अजूनही सकाळी ते स्टँडवरच्या बाकावर येऊन बसतात, कारण नेटवर्क तिथेच नीट येतं. कानात वायर घालून जगभरातले असे गायक शोधतात, ज्यांना त्यांच्या गल्लीतही कुणी ओळखत नसेल. भूगोल कच्चा, आत्मविश्वास पक्का. "फिनलंड गेलं की पुढचा थांबा एस्टोनिया. मधी थोडं पानी लागतं."

इतरांच्या आवडीची त्यांना कीव येते. "तुमी ऐकता ते सगळीच ऐकतात, गुरजी. त्यात तुमचं काय?" हे मला, शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला.

पुतण्याच्या हळदीत तर त्यांनी डीजेची वायर काढून आपल्या मोबाइलला लावली. मंगोलियातला कुणी मेंढपाळ घशातून घरघर काढू लागला. नाचणारे जागीच थांबले. नवऱ्याची आत्या काळजीने म्हणाली, "कोन आजारी हाय गो? काढा द्या त्याला."

नाना उखडले. "अडानी! याला जगात फक्त सतरा मानसं ऐकतात!"

"मग आठरावी आमी नको," असं म्हणून आत्याने वायर उपटली.

प्रत्येक गाण्याखाली नाना मराठीत अभिप्राय लिहितात. "आवाज बरा. मधला तुकडा लांबला. पुढचं कधी? काळूराम, धसई." चिलीतल्या एका बाईने उत्तरादाखल लाल बदाम पाठवला. तो त्यांनी अख्ख्या बाजाराला दाखवला. नानांची बायको, आमच्या काकू, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "चाळीस वर्सं कालवन करते. मला कदी लिवलं नाय, बरं का वाईट." महिन्याभरात त्या बाईला शंभर श्रोते झाले. डबल बेल.

मला याचा राग येई. माझा धाकटा भाऊ नितीन शहापूरला कारखान्यात होता. गिटारवर स्वतःची गाणी करायचा. चार गाणी त्याने इंटरनेटवर टाकली होती. "दादा, ऐकलंस?" असं विचारायचा. मी म्हणायचो, "वेळ झाला की." दोन वर्षांपूर्वी तो काविळीने गेला. गाणी तिथेच आहेत. मला अजून ती उघडवत नाहीत. ज्याला एक श्रोता मिळाला नाही त्याचा मी भाऊ, आणि हे गृहस्थ शंभर मिळाले म्हणून गायक टाकतात!

गेल्या आठवड्यात स्टँडवर मी बोललोच. "नाना, शंभरावा माणूस आला की गाणं नासतं काय हो? ही नुसती मिजास आहे तुमची."

नानांनी गाणं थांबवलं. एका कानातली वायर काढली.

"गुरजी, आमच्या फेरीला कधी कधी एकच पॅसेंजर असायचा. तिकीट फाडून मी त्याच्या शेजारी जाऊन बसायचो. एकट्याला रस्ता लय लांब वाटतो. गाडी भरली की मी आपला माझ्या जागेवर. मंग तिथं माझं काय काम?"

मी त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. पडद्यावर नितीनचं नाव होतं. खाली आकडा: चारशे बारा वेळा वाजलं. त्याखाली एकच अभिप्राय. "आवाज चांगला. पुढचं कधी? काळूराम, धसई."

'चांगला' त्यांनी चिलीच्या बाईलाही दिला नव्हता.

"चारशेच्या वर गेलं की, नाना," मी आकड्यावर बोट ठेवलं. "सोडलं नाहीत?"

"मानसं कुठं झाली? चारशे बाराही मीच हाय."

वायरचं मोकळं टोक त्यांनी माझ्यापुढे धरलं. मग बाकावर सरकून जागा केली, आणि मी नीट बसेपर्यंत गाणं सुरू केलं नाही.