सुई काढली नं मी!

"उभी हयात वीजघरातली यंत्रं चालवली, दोन सुया मले ऐकणार नाही काय!" असं ठणकावून मधुसूदनराव सोफ्यावर मांडी घालून बसले. ऐकायला घरात कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई गणपतीतच देवाघरी गेल्या होत्या.

त्यांच्या पिशवीत नवऱ्यासाठी विणायला घेतलेले बिनबोटांचे लोकरी हातमोजे सापडले होते. एक पुरा, दुसरा अर्धा, सुईवरच. मधुसूदनरावांची मनगटं थंडीत आखडायची. आता नागपुरात कडाका पडला होता आणि उरलेलं काम आपणच करायचं, असं त्यांनी ठरवलं. साधा चौकोन विणायचा, अंगठ्यापुरती फट सोडून बाजू शिवायची, झालं!

पण मेकॅनिकचा एक नियम असतो. यंत्र चालवायच्या आधी उघडून पाहायचं. मधुसूदनरावांनी विणकाम उघडून पाहिलं. म्हणजे, सुई बाहेर काढली!

टाके बिचारे माना टाकून बसले. मधुसूदनरावांनी धागा हलकेच ओढला. सर्रर्र! सावरायला पुन्हा ओढला. सर्रर्रर्र! उतारावर सायकल सुटावी तशा ओळीमागून ओळी सुटल्या आणि प्रेमिलाबाईंची मेहनत शेवयांसारखी मांडीवर येऊन पडली. ते सगळं मुठीत गोळा करून मधुसूदनराव अनवाणीच शेजारी धावले.

"मनकर्णाबाई! प्रेमिला गेली जी! माझ्या हातून गेली!"

मनकर्णाबाईंची पोळी तव्यावर करपली. गणपतीत गेलेली बाई आज पुन्हा कशी गेली?

"भाऊजी, बसा आधी. पाणी प्या."

"पाणी कायले? सुई काढली नं मी! सुई काढली अन् सारं सुटलं!"

सुई! मनकर्णाबाईंना दवाखान्यातली सलाईन आठवली. त्यांनी आत जाऊन पुण्याला मुग्धाला फोन लावला. "मुग्धा, तुझे बाबा काय बोलून राहिले वं! म्हणतात, आईची सलाईनची सुई मीच काढली!"

तोवर गल्ली गोळा झाली. कोणी बीपीचं यंत्र आणलं, कोणी गंगाजल. एकाने तर कांदाच फोडून नाकाशी धरला! मधुसूदनराव "अरे, ऐका तर!" म्हणत होते, पण ऐकतो कोण? तेवढ्यात फोन त्यांच्या कानाला लागला. पलीकडे मुग्धा हुंदके देत होती.

"बाबा, तुम्ही काही नाही केलं! डॉक्टरांनी सांगितलं होतं नं, तिचं हृदयच थकलं होतं. तुमच्यानं काही झालं नाही, बाबा!"

मधुसूदनराव सांगणार होते, की पोरी, ही लोकरीची गोष्ट आहे. पण दवाखान्यात न्यायला आपण उशीर केला का, हे त्यांनी आजवर कोणालाच विचारलं नव्हतं. आता मात्र ते भर गल्लीत, कांद्याच्या वासात, पोरासारखे रडले. मग त्यांनी मूठ उघडली. आत वळ्यावळ्यांची निळी लोकर!

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई सुया घेऊन आल्या. "भाऊजी, लोकर ओली करून वाळवा लागते. मग वळ्या जातात."

"राहू द्या," मधुसूदनराव म्हणाले. "वळ्या तिच्या हातच्या आहेत."

मनकर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि उलट-सुलट टाके शिकवायला घेतले. मधुसूदनराव नटबोल्ट आवळावा तसा टाका आवळत. शेवटी हातमोजा पुरा झाला, पण त्यांच्या बोटांच्या पुढे काही सरकेना!

मुग्धा भेटायला आली, तिने सहज हात घातला. अलगद बसला.

"बाबा, दोन्ही मी नेऊ का?"

"ने नं. मले कायले पाहिजे?"

ती गेल्यावर मनकर्णाबाई फाटकाशी आल्या. "काहून दिले जी दोन्ही? एक तरी ठेवायचा."

"अहो, नागपूरची थंडी ती केवढी?" हात बगलेत खुपसत मधुसूदनराव म्हणाले. "संक्रांत झाली का पंखाच लावा लागते!"

संक्रांत व्हायची होती अजून.