मैफल कधी संपते

रविवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी इंदापुरात बापूसाहेब उठले आणि शास्त्रीय गायनाची मैफल संपली.

गाणे संपले नव्हते. त्यांची सून स्वरदा विलंबित ख्याल आटोपून, द्रुत सुरू करण्याआधी घोटभर पाणी पीत होती. बापूसाहेबांना वाटले, झाले. ते साखर कारखान्याचे संचालक. संचालक उभे राहिल्यावर आपण बसून राहण्याची या भागात रीत नाही. अख्खे सभागृह उठले. तबलजीच्या हातात नारळही पडला.

घरी स्वरदा शांतपणे म्हणाली, "बापू, पुढच्या महिन्यात बारामतीत पुण्याचे लोक मला ऐकायला येणार आहेत. आवडलं तर तिकडच्या महोत्सवात बोलावतील. या वेळी शेवटपर्यंत बसा."

"बसतो की. पर शेवट वळखायचा कसा?"

"भैरवी झाली की संपलं."

"आन् भैरवी?"

"ती ऐकून ऐकून कळते."

"म्हैन्याभरात?"

स्वरदा रियाजाला निघून गेली. बापूसाहेबांनी बारामतीतले पुस्तकाचे दुकान गाठले.

"गान्यातलं काय बी कळत न्हाय, अशा मानसासाठी पुस्तक हाय का?"

"ते ठेवत नाही, साहेब. जाणकारांसाठीची आहेत, हातोहात खपतात. न कळणारा माणूस या गावात अजून आलेला नाही."

"मंग मी कोन हाय?"

"तुम्ही नातवासाठी नेत असाल," दुकानदाराने त्यांची अब्रू राखली.

बारामतीची मैफल भरवणाऱ्या संगीत मंडळाचे अध्यक्ष रमाकांत नवशिक्यांचा वर्ग चालवत. प्रवेशासाठी तीन राग ओळखावे लागत.

"वळखता आलं असतं तर हितं आलो असतो का, रमाकांतराव?"

"नियम आहे. नाहीतर वर्गात कोणीही नवशिका शिरेल."

तथापि संचालकांना रिकाम्या हाती पाठवणे इष्ट नव्हते. मंडळाने श्रोत्यांसाठी मार्गदर्शिका काढायला समिती नेमली. आपल्याला काय कळत नाही, हे एकाही सदस्याने उघड केले नाही. त्यामुळे मैफलीत लोक प्रत्यक्षात काय करतात तेवढेच नोंदवावे, असे एकमताने ठरले.

मैफलीच्या दिवशी दारातच प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली. बापूसाहेबांनी हावरेपणाने उघडली. मजकूर मोजका होता. दाद केव्हा द्यावी: बापूसाहेबांची मान हलल्यावर. मैफल केव्हा संपते: बापूसाहेब उठल्यावर. शंका असल्यास पहिल्या रांगेतला मधला सोफा पाहावा.

"रमाकांतराव, आन् मी कुनाकडं बघू?"

"तुम्ही चेष्टा छान करता," अध्यक्ष म्हणाले.

सव्वानऊला स्वरदाने डोळे मिटून एक चीज गायली आणि हात जोडले. सगळे सभागृह सोफ्याकडे पाहू लागले. सुनेला शब्द दिलेले बापूसाहेब हलले नाहीत. श्रोते बसलेले असताना उठणे कलावंताला शोभत नाही, म्हणून तिने पुन्हा तंबोरे जुळवायला सांगितले.

आता साडेअकरा झाले आहेत. स्वरदाचा आवाज बसत चालला आहे. पुण्याच्या पाहुण्यांनी बोलावण्याचे पत्र खिशातून अर्धे बाहेर काढले आहे. मार्गदर्शिका त्यांनाही मिळाली असल्याने तेही सोफ्याकडेच पाहत आहेत.

गाणे संपले आहे असे ज्या वाचकांना खात्रीने कळते, त्यांनी सभागृहात येऊन सर्वांदेखत आधी उठावे, असे मंडळाने कळवले आहे. दार उघडे आहे. अद्याप कोणी आलेले नाही.