सातवी बाई आणि सहा नंबर

"पुढची चुकली तरी मागच्यांनी तीच ओळ उचलायची, पोरींनो. शहाणपण घरी जाऊन करायचं."

ओदेच्या आईचा हा आवाज नास्ताच्या कानात पन्नास वर्षं मुक्कामाला होता. एस्टोनियाच्या कोपऱ्यातल्या त्या सेतो लोकांच्या खेड्यात गाणं असंच चाले. पुढची बाई उभ्या उभ्या ओळ जुळवी, मागच्या सहाजणी ती झेलून परत देत. आईमागून पुढची जागा ओदेला मिळाली. नास्ता मागच्यांत, आणि तिथंच सुखी.

यंदा आक्रीत घडलं. देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेला एस्टोनियातर्फे याच सातजणी निवडल्या गेल्या. पाठोपाठ नियम आला: मंचावर माणसं सहाच.

"मी राहते," नास्ता म्हणाली. "मला कसली हौस? शेळी व्यायला आलीय माझी. मी तर टीव्हीसुद्धा लावणार नाही."

"रुसलीस का गं?" ओदेनं विचारलं.

"मी? शेळीची शपथ, नाही."

रुसवा नव्हता, बेत होता, आणि तो फसणं नास्ताच्या मते अशक्य होतं. आपल्या देशाला आपल्या देशातून मत देता येत नाही. मग सीमा ओलांडून द्यावं की! शनिवारी अंतिम फेरी. तिनं शेळीपुढं चारा टाकला, ठेवणीतली सगळी चांदी अंगावर चढवली आणि बसनं लाटव्हियातलं वाल्का गाठलं. गाव तिथं स्वस्त बिअर आणायला जाई. नास्ता मतं आणायला गेली.

बसथांब्याशेजारी लग्नाची पंगत बसली होती. छातीवर परातीएवढा चांदीचा बिल्ला मिरवत आलेली म्हातारी पाहून नवरदेवाला वाटलं, नवरीकडची कोणी मानाची आजी. त्यानं तिला वरच्या खुर्चीत बसवून ताट वाढलं.

"पोरा," नास्ता शाळेत शिकलेल्या रशियनमध्ये म्हणाली, "शेजारधर्म म्हणून सहा नंबरला मत दे."

"एकच, आजी?"

"एका फोनवरून वीस चालतात."

नवरदेव टेबलावर चढून ओरडला. ऐंशी वऱ्हाडी, प्रत्येकी वीस! पहिला सहा नास्तानं नवरदेवाच्या फोनवर स्वतःच्या अंगठ्यानं दाबला. बँड असा बडवत होता की टीव्ही असता तरी ऐकू आला नसता. नंबराची खात्री होतीच. गुरुवारच्या प्राथमिक फेरीचं कात्रण तिच्या खिशात होतं. सहा बाया, सहा नंबर. विसरायचं म्हटलं तरी विसरता येऊ नये.

रविवारी ती परतली, तोवर शेळी तिच्यावाचूनच व्याली होती. दोन करडं.

सोमवारी वर्तमानपत्र आलं. अंतिम फेरीत नंबर नव्यानं वाटले होते. ओदेच्या गाण्याला चौदावा. सहावा सायप्रसला. लाटव्हियाच्या प्रेक्षकांचे बारा गुण सायप्रसला, एस्टोनियाला भोपळा.

गाव पेटलं. लाटव्हियाची बिअर बंद झाली. पुरुष बर्चच्या झाडाचा रस पीत, काढा प्यायल्यासारखी तोंडं करून बसू लागले. टीव्हीसुद्धा न लावणारी नास्ता कोणत्या तोंडानं बोलणार?

स्वागताच्या जेवणाला ओदे स्वतः न्यायला आली. "चल. पाचजणींवर माझी ओळ लंगडत होती. तुझी जागा कोणाला दिलेली नाही."

हे ऐकून नास्ताला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंगणात ओदेनं सूर लावला:

"ज्यानं दाबला आकडा, त्याचा अंगठा होवो वाकडा."

सहाजणींनी ओळ उचलली. नास्तानंही, अंगठा मुठीत लपवून.

"ज्यानं मोडला शेजार, त्याच्या शेळीला आजार."

पाचच आवाज उठले. नास्ताचा त्यांत नव्हता. अंगठा गेला तर गेला, पण ती दोन करडं आईला लुचत होती. जन्मात पहिल्यांदा ती एक पाऊल पुढं आली. चांदी खणखणली.

"शेळी बिचारी निर्दोष, माझ्या अंगठ्याचा दोष."

मागच्या पाचजणींनी सवयीनं ओळ उचलली. ओदेनंही उचलली, आणि मध्येच थांबली.

"कोणाच्या अंगठ्याचा?"

"माझ्या. वाल्काला गेले होते, तुम्हाला मतं मिळवायला. नंबर शिळा निघाला."

"तू टीव्हीसुद्धा लावणार नव्हतीस ना?"

नास्तानं सरळच असलेला बिल्ला पुन्हा सरळ केला.

"मला यायचं होतं गं, ओदे."

आणि मागच्या पाचजणींनी, सवयच ती, हीही ओळ सुरात उचलली.