सोनवणे साहेबांचा ढाळ

सोनवणे साहेब पाइपाला कान लावून झोपायचे. म्हणजे घोरायचे नाहीत, नुसते आडवे व्हायचे. कचरा डेपोवर, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, गालाखाली रुमाल घेऊन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस चक्कर येऊन पडला. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. साहेब म्हणाले, “श्‌! गुडगुडतंय.”

मी जळगावचा पाइपवाला. सायकलला पाइपाची भेंडोळी बांधून चोपडा केला, जामनेर केलं, तेव्हा कुठं आज ठेके घेतो. घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नाही. सोनवणे साहेबांनीही नाही, कारण त्यांनी ती केलीच नाही. माझा राग त्याचाच आहे.

काम धुळ्याकडच्या एका गावचं. नाव सांगत नाही, मला तिथं अजून कामं घ्यायची आहेत. साहेब तिथल्या पालिकेचे इंजिनिअर. डेपोतला कचरा कुजला की गॅस होतो. तो वर ओढून घेतला नाही तर आडवा जमिनीत शिरतो आणि बरोबरची घाण पाण्याला लावतो. जुन्या नळ्या दमल्या होत्या, आणि खालच्या वस्तीची एकुलती एक विहीर वास मारायला लागली होती. म्हणून आम्ही गॅससाठी नवी विंधणं, म्हणजे बोअर, मोठे पाइप आणि गॅस ओढणारा दांडगा पंखा बसवत होतो.

या गॅसमध्ये वाफ असते. पाइपात ती गार होऊन तिचं पाणी होतं. पाइपाला उतार, म्हणजे ढाळ, असला की पाणी वाहून जातं. झोळ असला की तिथंच साचतं आणि गॅसची वाट अडते. साहेब कान लावून ऐकायचे ते हे पाणी. मी नमस्कार केला तरी उत्तर एकच : “ढाळ कुठंय, ढाळ?”

मी ढाळ दिला होता. चोख दिला होता. मग डेपो खचला आणि पाइपाला झोळ पडला.

“साहेब, डेपो खचला तो काय मी खचवला?”

“नाही. पण पाइप तुमचा आहे.”

“निम्मा ढाळ धरा की. तुमचंही राहील, माझंही राहील.”

“पाणी घासाघीस करत नाही, महाजन.”

मी डोक्यावरची टोपी काढून आपटली. ती कचऱ्यात पडली. नवी होती. मग पाइप उचलला, खाली भर घातली, परत टाकला. डेपो परत खचला.

त्या दिवशी साहेब ऑफिसला फोनवर ओरडत होते, “अहो, सकाळपासून ढाळ, ढाळ आणि ढाळ! मी इथून हलू शकत नाही!” खालच्या वस्तीतल्या अक्का सरपण घेऊन चालल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि ढाळ म्हणजे जुलाब असं समजून गेल्या. थोड्या वेळानं त्या पातेलं घेऊन हजर. भाताची पेज, वर मीठ.

“पी ल्या, साहेब. पोट बांधाई जाई.”

माझी माणसं तोंड फिरवून हसली. मी तोंड न फिरवता हसलो. साहेबांनी मात्र पेज गंभीरपणे संपवली आणि विचारलं, “पाणी कुठलं, अक्का?”

“टँकरनं. मंग काय हिरनं?” अक्कांनी विहिरीकडे हात केला.

साहेबांनी पातेलं परत दिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाइप उचलायला लावला. मला अजून वाटतं, ते पेजेच्या उपकारापायी होतं. भोगलं मी.

पुढचा पावसाळा गेला. विहिरीचं पाणी तपासलं, परत तपासलं. चांगलं निघालं. साहेब रिपोर्ट घेऊन वस्तीवर गेले, मीही होतो. अक्कांनी कागद उलटसुलट पाहिला.

“साहेब, कागद पानी पेत नही. तुम्ही पी दखाडा. तुमनं पोट कसं ऱ्हास ते दखसूत, मंग आम्ही पिसूत.”

साहेब तांब्याभर प्यायले. दुसऱ्या दिवशी डेपोवर येण्याआधी वस्तीवर हजेरी. अक्का विहिरीवरूनच हाक मारायच्या, “पोट कसं शे, साहेब?” आणि हा माणूस, जो माझ्याशी ढाळाशिवाय शब्द बोलला नाही, तो पोटाची हकीकत सविस्तर सांगायचा. पुढंपुढं तर लवकरच यायला लागला.

मग वस्तीचा विश्वास बसला. बाया विहिरीवर आल्या, टँकर बंद झाला. साहेब सकाळी आले तर अक्का घागर कमरेवर घेऊन म्हणाल्या, “या साहेब,” आणि घाईत निघून गेल्या. पोटाचं कोणी विचारलं नाही. साहेब थोडा वेळ विहिरीपाशी उभे राहिले.

परवा मी त्यांना फोन केला. भांडायलाच. आणखी एका जागी पाइप उचलायचा निरोप आला होता. डोकं फिरलेलं, म्हणून सुरुवातच वाकडी केली, “काय साहेब, पोट कसं आहे?”

मला वाटलं, साहेब आता चिडणार.

“बरं आहे हो,” साहेब म्हणाले. “सकाळी जरा जड होतं. खानावळवाला आमटीत सोडा टाकतो असं मला वाटतं. काल वांग्याची भाजी होती, ती मला आधीपासून सोसत नाही...”

मग परवाची भाजी झाली, तेरवाची झाली. मी पाइपाचा विषय काढायला दोनदा तोंड उघडलं.

“जेवताना ताक घेत जा,” मी म्हणालो.