मांडवकरांची मधली खुर्ची

"आजची केस एका सेशनमध्ये सोडवते की नाही बघच तू!" रसिका फोनवर नवऱ्याला, स्वानंदला, म्हणाली आणि तिथेच चुकलं. असल्या घोषणा नवरे जन्मात विसरत नाहीत, एवढं तरी समुपदेशन शिकलेल्या बाईला कळायला नको?

स्ट्रक्चरल फॅमिली थेरपीचा कोर्स तिने नुकताच संपवला होता. घरात कोण कोणाच्या मधे बसलंय ते आधी ओळखायचं आणि मग सरळ खुर्च्या हलवायच्या. खुर्च्या हलल्या की घरही हलतं! ठाण्यात खोपटला एसटी डेपोजवळच्या तिच्या इवल्याशा क्लिनिकमध्ये त्या दिवशी दिव्याहून लोकलने मांडवकर आले. साईनाथ मांडवकर, त्यांची बायको रतन, मुलगी अक्षदा आणि साईनाथचे थोरले भाऊ दगडूकाका, ज्यांना कोणीच बोलावलं नव्हतं. खुर्च्या पाच होत्या, पण या चौघांनी तीन जवळ ओढल्या आणि त्यांवरच दाटीवाटीने बसले. कोकणातून, संगमेश्वराकडून येऊन सगळा संसार एका खोलीत केलेली माणसं ती! मोकळी जागा दिसली की बिचाऱ्यांना चुकल्यासारखं होतं.

प्रकरण साधं होतं. अक्षदाला नाशिकला नोकरी लागली होती आणि होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. पोरीने विचारलं की बाबा म्हणायचे, आईला विचार. आई म्हणायची, बाबांना विचार. ओटा ते दरवाजा येरझारा घालून पोरगी मेटाकुटीला आलेली!

"मांडवकर, तुम्हाला काय वाटतं?" रसिकाने विचारलं.

"अक्षदा, आईला सांग, मॅडम विचारतायत."

"अक्षदा, ह्यांना सांग, ऐकलंय मी."

दोघांत अंतर जेमतेम हातभर! थोरल्या दिरासमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. आणि दिव्याच्या त्या खोलीत थोरले दीर कायमच समोर! त्यामुळे अक्षदाला वाचा फुटली त्या दिवसापासून आईबापांचं सगळं बोलणं तिच्यामार्फत चाललेलं.

रसिकाला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कोर्समधलं चित्रच समोर येऊन बसलं होतं!

"अक्षदा, तू मधून ऊठ. काका, तुम्हीही बाहेर बसा."

"मी बाहेर? मग निर्णय कोण घेणार?"

"बाहेर चहा आहे, काका."

"तसं असेल तर बसतो," म्हणत काका अक्षदाला घेऊन गेलेसुद्धा.

दार लागलं. नवरा-बायको समोरासमोर आले आणि दोघांनी फरशी न्याहाळायला घेतली.

"मॅडम, हिला विचारा, पाणी पाहिजे का."

"मॅडम, ह्यांना सांगा, नको."

"अहो, मला मधे घेऊ नका!" रसिका ओरडलीच. मग तिने खुर्ची उचलली आणि चक्क भिंतीकडे तोंड करून बसली.

"मॅडम चिडल्या वाटतं," रतन कॅलेंडरला म्हणाली.

"चिडणारच," साईनाथ पंख्याला म्हणाले.

आणि अचानक रतनच्या तोंडून निसटलं, "पोरीला अडवताय कशाला?"

थेट! नवऱ्याला!

"मी? मी कधी अडवलं? तूच नाही म्हणतेस!"

"मी कुठे नाही म्हणते? तिची बॅग भरून पलंगाखाली ठेवलेय मी!"

"अगं, मी तर तिच्यासाठी गादीसुद्धा बघून आलोय!"

दोघंही थांबली. मग रतन हळूच म्हणाली, "पण ती गेल्यावर घरात माझ्याशी बोलणार कोण हो?"

साईनाथनी खुर्ची जरा तिच्याकडे ओढली. "मी आहे की," ते म्हणाले.

भिंतीकडे बघत बसलेल्या रसिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने धावत जाऊन दार उघडलं.

"अक्षदा, जा बाळा नाशिकला!" रतन म्हणाली. "आमचं ठरलंय!"

पोरगी नाचेल म्हणून सगळे बघत राहिले, तर तिचा चेहरा पार उतरला. "तुम्ही दोघं बोललात? माझ्याशिवाय?"

"हो ना! सरळ एकमेकांशी!"

अक्षदाने भोकाडच पसरलं! "एवढी वर्षं तुमचं सगळं मी केलं, आणि आता माझी गरजच नाही? मी नाही जात कुठे!"

"बघा, मी म्हणत नव्हतो?" दगडूकाका चहाचा ग्लास नाचवत म्हणाले. "मी आत पाहिजे होतो!"

यावर काय करायचं ते कोर्समध्ये शिकवलंच नव्हतं. रसिका नुसती पदराशी चाळा करत उभी राहिली. रतनने मात्र लेकीला कुशीत घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. हुंदके कमी झाले. मग आईच्या खांद्यात तोंड खुपसूनच अक्षदा म्हणाली, "आई, बाबांना विचार ना, खरंच जाऊ का?"

बाबा समोरच उभे होते. त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि मोठ्यांदा म्हणाले, "रतन, तिला सांग, आत्ताच्या आत्ता होकार कळव म्हणावं."

अक्षदाने डोळे पुसून मोबाईल काढला. साईनाथ छाती फुगवून रसिकाकडे वळले.

"बघितलंत ना मॅडम? आता मधे कोणी लागत नाही आम्हाला!"