गव्हाणीतला मेक्सिको

"दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, मटन तं नाहीच. मंग पुण्यात शिजवता तरी काय बे तुम्ही?"

संघर्ष सुट्टीवर वडनेर भोलजीला आला की किसनराव हा प्रश्न न चुकता विचारत. पोरगा पुण्यातल्या एका हॉटेलात मुख्य शेफ होता. तिथे मेक्सिकन पदार्थ मिळत, आणि तेही व्हीगन, म्हणजे जनावराचं काहीएक न घालता केलेले. आता हे पारावर कोणाला आणि कसं समजावणार? किसनरावांनी सरळ सांगून टाकलं होतं, "मॅनेजर हाय."

यंदा मात्र मामला नाजूक होता. मेहकरला जाऊन संघर्ष मयुरीला पाहून आला होता आणि तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पण तिने समोरच्या चहाला हातदेखील लावला नव्हता. आपण तिला पसंत नाही, हे त्याने तेव्हाच मनाशी धरलं. तरीही तिचे वडील पंजाबराव रविवारी तिला घेऊन घर बघायला येणार होते. एसटीत जन्मभर गाड्यांचं नियंत्रण केलेला माणूस तो. फोनवरच म्हणाला, "पोरगा सैपाक करते म्हंता, तं त्याच्याच हातचं जेवू. नोकरी खरी का खोटी, ते ताटात समजते."

शनिवारी संध्याकाळी संघर्षने मका चुन्याच्या पाण्यात उकळला आणि मागच्या अंगणात टबात भिजत ठेवला. जनकाबाईंनी कपाळाला हात लावला.

"अरे, मका आपल्याकडं ढोरं खाते. त्याच्यात आणखी चुना?"

"खायचा चुना हाय, आई. सकाळी साल निघते, मंग वाटून लहान पोळ्या कराच्या. त्यात राजमा भरून दुमडलं का झाले टाको."

हे संभाषण ऐकायला किसनराव घरी असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. ते नांदुऱ्याला गेले होते, ते रात्री उशिरा परतले. सकाळी उठून अंगणात येतात तो टबात भिजलेला मका. त्या घरात अंगणातल्या टबात भिजलेल्या वस्तूची मालकीण एकच होती, आणि ती गोठ्यात उभी होती. पुण्याला राहूनही पोराने म्हशीची आठवण ठेवली, म्हणून बाप अगदी गहिवरला. मका गव्हाणीत ओतला, टब धुऊन पालथाही घातला.

"बाबा, टबातला मका कुठं गेला?"

"जिचा होता तिले देल्ला."

संघर्षने धावत जाऊन गव्हाणीत पाहिलं, तर एक दाणा उरला नव्हता. पाहुण्यांनी खामगाव सोडल्याचा फोन येऊन गेला होता. शेवटी जनकाबाईच पदर खोचून उठल्या. ज्वारीचं पीठ मळलं आणि तळहाताएवढ्या भाकरी थापल्या. संघर्षने झणझणीत राजमा शिजवला, कांदा-टमाटे चिरले, भिजवलेले शेंगदाणे वाटून पांढरीशुभ्र साय केली आणि ठेचा काढून ठेवला. मग तो शर्ट बदलायला गेला.

तेवढ्यात जनकाबाईंची नजर त्या भाकऱ्यांवर गेली. पाहुण्याच्या ताटात कोरडी भाकर? उद्या लोक तोंडात शेण घालतील. त्यांनी भराभर प्रत्येक भाकरीला तूप चोपडलं, आणि उरलेलं राजम्यात सोडलं.

पाहुणे आले, जय भीम झाला, ताटं वाढली. पंजाबराव एकामागून एक टाको उडवत होते. "मानलं बुवा. तूप घालत नाही म्हंता, पन चव तं अस्सल तुपाची हाय."

संघर्षने घाईने एक घास घेतला आणि आईकडे पाहिलं. आई आढ्याकडे बघत होती. आता खरं बोलावं तर नोकरी खोटी ठरते, आणि गप्प राहावं तर आपलंच मन खातं. अशात मयुरीने ताट नाकाशी नेलं आणि हळूच बाजूला ठेवलं. झालं, पुन्हा तोच चहा. पोराचं तोंड एवढंसं झालं.

हात धुवायला ती मागे गेली. पाण्याचा तांब्या घेऊन तो मागोमाग गेला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "याच्यात तूप हाय ना?"

"हाव. आईनं घातलं. मले आत्ताच समजलं."

"बरं झालं. मले वाटलं, तुमची नोकरीच खोटी हाय." तिने तांब्याखाली हात धरले. "मले दूध-तूप चालत नाही. अंगभर गांधी उठतात. बाबा म्हणतात, सांगू नको, जमलेलं मोडते. तुमचं ऐकलं तं म्हटलं, या घरात तरी पोटभर जेवायले भेटन."

संघर्षला एवढा आनंद झाला की तांब्या तसाच हातात घेऊन तो चुलीकडे धावला. स्वतः चार भाकरी थापल्या, तुपाचं बोटही लागू दिलं नाही. वर ठेचा, कांदा-टमाटे आणि शेंगदाण्याची साय. मयुरीने चारही संपवल्या आणि आणखी आहे का म्हणून विचारलं.

दारात उभ्या जनकाबाईंना राहवेना. "कोरडीच खाते व, पोरी. आधी सांगाचं नं?"

"आधी कोन सांगू देते, काकू?"

जनकाबाई तडक बाहेर गेल्या. "भाऊ, तुमच्या ताटात तूप म्या घातलं. पोराचा काही दोष नाही." पाठोपाठ मयुरीनेही आपलं सांगून टाकलं. पंजाबरावांनी शेवटचा टाको तोंडात टाकला, बोटं चाटली आणि म्हणाले, "तुम्ही तूप लपवलं, आम्ही गांधी लपवल्या. फिट्टंफाट झाली. तारीख धरा."

संघर्ष पुण्याला परतला आणि काही दिवसांनी किसनरावांचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता.

"अबे, म्हैस सरकीच्या ढेपीले तोंड लावून नाही राह्यली. नुसती टबाकडं पाह्यते." मग हळूच विचारलं, "तो चुना किती टाकाचा?"

संघर्षने सगळी कृती नीट सांगितली. किसनराव हूं हूं करत ऐकत होते. मागून कोणीतरी अंगणात डोकावून विचारल्याचं फोनमध्ये ऐकू आलं, "काय करून राह्यले, किसनभाऊ?"

किसनरावांनी फोन कानावरून काढलाही नाही.

"मेक्सिकन करून राह्यलो."